शरण जाणे म्हणजे संमती नव्हे : फौजदारी कायद्याच्या प्राध्यापिका लोतिका सरकार

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. विहारात वंदना झाली, मुलांचा वर्ग सुटला आणि आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एक मावशी आपल्या लेकीला हाताला धरून आमच्यापुढे घेऊन आल्या. मावशी शाळेत पोरांची खिचडी शिजवतात, त्यांचे मालक कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. लेक बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. मावशी म्हणाल्या, "भाऊ, हिले जरा तुमीच समजवा. वकिली शिकतो म्हनते. शिक म्हटलं बापा. पन तेबी फौजदारीची! बाईच्या जातीनं चोर-डाकूंचे खटले लढायचे का? नोटरी कर, घरांच्या रजिस्ट्र्या कर, चार पैसे तरी येतील."

लेक मान खाली घालून उभी होती, पण गप्प नव्हती. "आई, मले शिकवायचंही आहे," एवढेच ती म्हणाली.

तेव्हा घाईघाईत आम्ही काय उत्तर दिले ते सांगण्यासारखे नाही. "बघू, बसून बोलू," असे म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र ते शब्द डोक्यातून जाईनात. बाबासाहेब बॅरिस्टर होते हे आमच्या घरांतील शेंबडे पोरही सांगते. पण बाबासाहेब कायद्याचे शिक्षक होते, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात त्यांनी शिकवले आणि १९३५ साली ते तेथे प्राचार्य झाले, याची आठवण आम्ही किती वेळा काढतो? वकील खटला लढतो हे सर्वांना दिसते. कायद्याचा मास्तर काय करतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून या अंकात आम्ही एका मास्तरणीची कहाणी सांगणार आहोत. त्या आमच्या समाजातल्या नव्हत्या. आमच्या गरिबीशीही त्यांचे काही नाते नव्हते. तरीही आमच्याच विदर्भातील एका मजूर पोरीच्या खटल्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यांचे नाव प्रा. लोतिका सरकार.

लोतिकाबाईंचा जन्म १९२३ सालचा, बंगालमधील एका बड्या घराण्यातला. वडील सर धीरेन मित्र हे कायद्याच्या क्षेत्रातील मोठे नाव. मुलगी इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेली, कायदा शिकली आणि १९५१ साली तेथूनच कायद्याची डॉक्टरेट घेऊन आली. ज्या वर्षी हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडले, तेच हे वर्ष. देशातील बायकांच्या हक्काचा कायदा संसदेत अडकून पडला होता आणि त्याच सुमारास एक बाई कायद्यातील सर्वांत वरची पदवी हातात घेऊन देशात परतत होती. पुढे त्या दिल्ली विद्यापीठाच्या कायदा विभागात शिकवू लागल्या. त्या विभागात शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी शिकवायला घेतलेला विषय होता फौजदारी कायदा. पत्रकार चंचल सरकार हे त्यांचे पती. (आडनाव सरकार असले तरी बाईंची बरीच हयात सरकारलाच प्रश्न विचारण्यात गेली, ही गंमत आम्हांस नोंदवावीशी वाटते.)

आता मावशींचा प्रश्न. फौजदारी म्हणजे चोर-डाकूंची वकिली काय? आमच्या वस्त्यांचा फौजदारी कायद्याशी संबंध येतो तो पोलीस चौकीच्या दारात. कोठे चोरी झाली की आमचीच पोरे संशयावरून उचलली जातात. आमच्या बाईवर हात टाकला तर तक्रार लिहून घेण्यास ठाण्यात तासन्‌तास बसवले जाते. या दोन्ही वेळी उपयोगी पडतो तो हाच कायदा. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, हे संविधानाच्या बाविसाव्या कलमात लिहिले आहे. गुन्हा शाबित करण्याचे ओझे सरकारवर असते, आरोपीवर नव्हे. नुसते कृत्य झाले म्हणून भागत नाही, त्यामागचा हेतूही सिद्ध व्हावा लागतो. या साऱ्या गोष्टी कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्गापासून कोणी तरी शिकवावे लागते. त्यांच्यातलेच काही पुढे न्यायाधीश होतात आणि बहुधा जे शिकले तेच निकालात लिहितात. मास्तराचे महत्त्व ते एवढे आहे.

सप्टेंबर १९७१ मध्ये भारत सरकारने देशातील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. डॉ. फुलरेणू गुहा अध्यक्ष आणि पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. लोतिकाबाई या समितीवर सदस्य होत्या. 'समानतेकडे' अशा अर्थाच्या नावाने या समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला. तोवर पुष्कळ शिकलेल्या बायकांना वाटत होते की संविधानाने समानता दिली, आता प्रश्न मिटला. समितीने गावोगाव फिरून पाहिले तेव्हा मजूर बाईच्या जिण्यात त्या समानतेचा मागमूसही नव्हता. कायद्याच्या पुस्तकातले सारे ठाऊक असलेल्या प्राध्यापिकेलाही त्या फिरतीत बरेच नवे शिकावे लागले असणार.

या अहवालातील एक गोष्ट आमच्या वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. संसदेत आणि विधानसभांत स्त्रियांसाठी राखीव जागा असाव्यात काय, हा प्रश्न समितीपुढे आला आणि बहुमताने नको असे ठरले. वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार या दोघींनी त्यावर आपली भिन्नमत-पत्रिका जोडली. राखीव जागांशिवाय बायकांना सत्तेत वाटा मिळणार नाही, असे त्यांनी मांडले. दोघीही वरच्या वर्गातल्या, दोघीही विलायतेत शिकलेल्या. राखीव जागांवरून आम्ही आयुष्यभर टोमणे ऐकत आलो. म्हणूनच स्वतःला त्या जागेची गरज नसताना ती दुसरीसाठी मागणाऱ्या या दोघींबद्दल आम्हांस आदर वाटतो. पुढे १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. लोकसभा-विधानसभांसाठीची घटनादुरुस्ती व्हायला २०२३ साल उजाडावे लागले.

आता देसाईगंजकडे येऊ. देसाईगंज म्हणजे आपले वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. त्या काळी गडचिरोली जिल्हा झाला नव्हता, म्हणून चंद्रपूर जिल्हा. तारीख २६ मार्च १९७२. चौदा ते सोळा वर्षांची एक अनाथ आदिवासी मुलगी. भावाजवळ राहायची, भावासारखीच मजुरी करायची. ज्या घरी कामाला जायची तेथील एका मुलाशी तिचे मन जुळले. भावाने ठाण्यात तक्रार दिली की बहिणीला पळवून नेले आहे. रात्री नऊच्या सुमारास सर्वांना ठाण्यात आणले गेले. जबान्या झाल्या. साडेदहाच्या सुमारास मंडळी निघू लागली, तेव्हा मुलीला मागे ठेवून बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले गेले. दिवा मालवला गेला, दार लागले. ठाण्याच्या आत एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि दारू प्यालेल्या हेड कॉन्स्टेबलने तिच्याशी अंगलट केली, अशी तिची फिर्याद होती. बाहेर तिचे लोक उभे होते.

ज्या नावाने हा खटला साऱ्या देशात ओळखला जातो ते मुलीचे नाव आम्ही येथे छापत नाही. अशा गुन्ह्यातील बाईचे नाव छापू नये असा कायदा आहे. आणि तो कायदा झाला तो या मुलीच्या खटल्यामुळेच. तिचे स्वतःचे नाव मात्र तोवर सर्व निकालपत्रांत छापून गेले होते.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोघा पोलिसांना सोडले. मुलगी खोटारडी ठरवली गेली, तिला शरीरसंबंधाची सवयच होती असेही म्हटले गेले. मुलगी सोळा वर्षांच्या आतली असती तर संमतीचा प्रश्नच उरला नसता, कारण त्या वयाखालच्या मुलीची संमती कायदा मानत नव्हता. पण मजुराच्या पोरीची जन्मतारीख लिहिणार कोण? वय सोळाच्या आत असल्याचा समाधानकारक पुरावा नाही असे न्यायालय म्हणाले. (मायबहिणींनो, मूल जन्मले की दाखला काढून ठेवा, असे आम्ही या पानावर वारंवार लिहितो ते उगीच नव्हे.) नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो निकाल फिरवला. भीतीने हतबल होऊन अंग टाकून देणे याला इच्छा म्हणता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने सांगितले आणि एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. नागपूरच्या न्यायालयाचा हा मोठेपणा विसरला जातो, म्हणून मुद्दाम लिहिले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने त्याचा निकाल १५ सप्टेंबर १९७८ रोजी लागला. दोघेही निर्दोष सुटले. कारण काय? मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या. तिने जोराचा प्रतिकार केला, ती ओरडली, हे न्यायालयाला पटले नाही. प्रतिकार नाही, तर मग तिची तयारी असली पाहिजे, असा तो हिशोब होता.

हा हिशोब ऐकून आमच्या वस्तीतील कोणीही बाई हसेल, नाही तर रडेल. रात्रीची वेळ. बंद ठाणे. समोर खाकी वर्दी. जी माणसे मदतीला यायची तीच समोर उभी. ओरडायचे कोणाच्या नावाने? आमच्या बायका मुकादमापुढे, मालकापुढे, साहेबापुढे रोज गप्प राहतात. गप्प राहिले नाही तर हजेरी कापली जाते. ती गप्प आहे म्हणून ती राजी आहे, असे म्हणणाऱ्याने एक दिवस तिच्या जागी उभे राहून पाहावे.

निकाल लागला आणि कायद्याच्या अहवालांच्या जाड ग्रंथात जाऊन पडला. असे शेकडो निकाल लागतात. कोणी वाचत नाही. वाचतात ते कायद्याचे मास्तर, कारण वर्गात शिकवायचे असते. फौजदारी कायद्याच्या वर्गात संमती म्हणजे काय हा धडा दर वर्षी येतो. तो शिकवताना आता हा निकालही शिकवावा लागणार होता. म्हणजे दर वर्षी नव्या वकिलांना सांगायचे की बंद ठाण्यात गप्प राहिलेली पोर कायद्याने राजी समजली जाते.

ते सांगण्याऐवजी चौघा कायदे-अभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. तारीख १६ सप्टेंबर १९७९. सह्या चार : उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. धागमवारबाई पुण्याच्या. सरन्यायाधीशपदी तेव्हा यशवंतराव चंद्रचूड होते, तेही पुण्याचेच. म्हणजे मुलगी वडसाची, धागमवारबाई आणि सरन्यायाधीश पुण्याचे आणि लोतिकाबाई बंगालच्या, असा हा सारा योग.

पत्राचे म्हणणे साध्या भाषेत असे होते. संमती आणि शरणागती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक संमतीत काही अंशी झुकणे असेल, पण प्रत्येक झुकण्यात संमती नसते. या खटल्यातील पुराव्यावरून मुलगी शरण गेली एवढेच दिसते, राजी झाली असे दिसत नाही. दोन पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या चौदा-सोळा वर्षांच्या मुलीने ठाण्यातून आरडाओरडा करून मदत मिळवावी, अशी अपेक्षा देशाचे सर्वोच्च न्यायालय करते काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. तिची गरिबी, तिचे वय, तिचा अडाणीपणा, ठाण्यातली वेळ, यांतले काहीच न्यायालयाला का दिसले नाही, असेही त्यांनी विचारले. आणि एक फार नेमका मुद्दा काढला. बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावू नये, तिच्या राहत्या घरीच चौकशी करावी, असा फौजदारी प्रक्रियेचा नियम आहे. त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या एप्रिलमध्ये नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात हा नियम ठासून सांगितला होता. माजी मुख्यमंत्री राहिलेल्या बाईंच्या बाबतीत जे आठवले ते पाच महिन्यांनी मजूर मुलीच्या बाबतीत का आठवले नाही?

आज हे वाचायला सोपे वाटते. त्या काळी न्यायाधीशांवर अशी जाहीर टीका म्हणजे न्यायालयाची बेअदबी ठरण्याची भीती. शिवाय मास्तरांचे सारे आयुष्य न्यायालयाच्या निकालांना मान देत जाते. ज्या न्यायमूर्तींना उद्या विद्यापीठात पाहुणे म्हणून बोलवायचे त्यांनाच पत्र लिहायचे होते. लोतिकाबाईंची तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. गप्प राहिल्या असत्या तरी त्यांचे काही बिघडत नव्हते. पत्रावर सही करून आपले नाव आणि इभ्रत त्यांनी पणाला लावली.

न्यायालयाने निकाल बदलला नाही. हे कटू आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पोलीस सुटले ते सुटलेच. वडसाच्या त्या मुलीच्या पदरात न्याय पडला नाही.

पण पत्र हातोहात फिरले. वर्तमानपत्रांत आले. १९८० च्या जानेवारीत मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० रोजी शहरोशहरी बायका रस्त्यावर उतरल्या. विधी आयोगाने त्याच वर्षी आपला ८४ वा अहवाल दिला. आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस कोठडीत, तुरुंगात, रुग्णालयात, सरकारी अधिकाराखाली असलेल्या बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. अशा खटल्यात शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच धरून चालावे, असे पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे नवे कलम आले. खटला बंद दाराआड चालावा असे ठरले, आणि बाईचे नाव छापणे हा गुन्हा झाला. मघाशी आम्ही सांगितले की गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे नेहमी सरकारवर असते. ठाण्यातल्या बाईपुरते हे ओझे संमतीच्या बाबतीत उलटे फिरवले गेले. फौजदारी कायद्यात ही लहानसहान गोष्ट नव्हे. ही दुरुस्ती अमलात आली ती तारीख २५ डिसेंबर १९८३. महाडला मनुस्मृती जळाली तीही २५ डिसेंबरलाच, १९२७ साली. योगायोगच, पण आम्हांस तो फार गोड वाटतो.

लोतिकाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९८१ साली आग्र्याच्या सरकारी संरक्षणगृहातील मुलींचे हाल वर्तमानपत्रातून बाहेर आले. अंगावर नीट कपडा नाही, राहण्याची जागा जनावरांच्या गोठ्यासारखी. उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या दोघा प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा पत्र लिहिले. या वेळी न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि जिल्हा न्यायाधीशांना जाऊन पाहणी करायला लावले. दोन वर्षांपूर्वीच्या पत्राने निकाल हलला नव्हता, या पत्राने न्यायालय स्वतः हलले. १९८० साली दिल्लीत स्त्री-विकासाच्या अभ्यासाचे केंद्र निघाले आणि १९८२ साली स्त्री-अभ्यासाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. दोन्हींच्या संस्थापकांत त्या होत्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनी व सहकाऱ्यांनी १९९९ साली त्यांच्या गौरवार्थ कायदा आणि स्त्री यांवर लेखांचा एक ग्रंथ काढला. शिक्षकाला याहून वेगळे काय हवे असते?

कायदा झाला म्हणजे न्याय झाला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २००६ सालचे खैरलांजी कोण विसरेल? भंडारा जिल्ह्यातील त्या गावी एका बौद्ध कुटुंबातील चौघांना ठार मारले गेले. खुनाबद्दल शिक्षा झाल्या. पण अॅट्रॉसिटीचा गुन्हा आणि बायकांच्या विटंबनेचा गुन्हा न्यायालयात टिकला नाही. कलम पुस्तकात होते. पंचनामा नीट, वैद्यकीय तपासणी वेळेवर, साक्ष जशीच्या तशी लिहिलेली, हे सारे असल्याशिवाय पुस्तकातले कलम आरोपीपर्यंत पोहोचत नाही. आणि हे करून घेणारा, पोलिसाला कलम दाखवणारा माणूस ठाण्याच्या दारात आमच्या बाजूने उभा असावा लागतो. मावशींना त्या दिवशी आम्ही हेच सांगायला हवे होते.

लोतिकाबाईंच्या आयुष्याचा शेवटचा भाग लिहिताना हात जड होतो. २००५ साली पती वारले. मूलबाळ जवळ नव्हते, वय ऐंशीच्या पुढे. विश्वासातल्या माणसांच्या नावे घर झाले आणि जिने देशाला हक्क शिकवले तीच बाई स्वतःच्या घराला मुकली. जुने विद्यार्थी, सहकारी, मित्र धावून आले, कायद्याची लढाई झाली आणि बाई पुन्हा आपल्या घरी परतल्या. सांगण्याचा हेतू असा की केंब्रिजची डॉक्टरेटसुद्धा म्हातारपणी कोणाला फसवणुकीपासून वाचवत नाही. आमच्या वस्तीत तर अंगठे घेऊन झोपडी, प्लॉट नावावर करून घेण्याचे प्रकार नेहमीचे. आईबाप व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले आणि नंतर सांभाळ केला नाही, तर त्याच्या २३ व्या कलमाखाली तो व्यवहार रद्द करून घेता येतो. म्हाताऱ्या मंडळींनी कागदावर ही अट लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

२३ फेब्रुवारी २०१३ रोजी लोतिकाबाई गेल्या. त्या वेळी दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या भयंकर घटनेनंतर सारा देश पेटलेला होता आणि फौजदारी कायद्यात पुन्हा मोठी दुरुस्ती होऊ घातली होती. त्यांच्या पश्चात महिन्याभरात संसदेने ती मंजूर केली. संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेला स्पष्ट होकार, आणि बाईने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही, असे त्या कायद्यात शब्दांत लिहिले गेले. १९७९ च्या पत्रातील मुद्दा चौतीस वर्षांनी कलमात उतरला. अंमल मागच्या तारखेने, ३ फेब्रुवारी २०१३ पासून दिला गेला. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने तो बाईंच्या हयातीत अमलात होता. त्यांना मात्र तो मंजूर झालेला पाहता आला नाही.

१ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी संमतीची ही व्याख्या तिच्या ६३ व्या कलमात कायम आहे. आणखी काही गोष्टी घरातल्या बायकांना वाचून दाखवा. चौकशीसाठी बाईला तिच्या राहत्या घराशिवाय अन्यत्र बोलावता येत नाही, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ व्या कलमात आहे. पंधरा वर्षांखालील मुलगा आणि साठ वर्षांवरील माणूस यांनाही ते लागू आहे. हा नियम जाणूनबुजून मोडणाऱ्या पोलिसाला स्वतःला शिक्षा होऊ शकते, न्याय संहितेचे १९९ वे कलम त्यासाठीच आहे. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्यापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच तर महिला पोलीस अधिकाऱ्याला लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. आणि गुन्हा कोणत्याही हद्दीत झालेला असो, जवळच्या ठाण्याने तक्रार लिहून घेतलीच पाहिजे.

पुढच्या रविवारी आम्ही मायलेकींना बसवून हे सारे सांगितले. वडसाचे नाव निघताच मावशी दचकल्या. त्यांचे माहेर तिकडचेच, आरमोरीकडचे. "मी तवा लहान होतो भाऊ," त्या म्हणाल्या, "बाया आपसात बोलत. पोरगी ओरडली काऊन नाही, असंच सारे म्हनत." मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. लेकीने उघड्या पत्राची झेरॉक्स मागून घेतली. इंग्रजीत आहे, पण डिक्शनरी घेऊन वाचीन म्हणाली. निघताना मावशींनी चपला घालता घालता विचारले की तीन वर्षांच्या वकिलीला प्रवेशाची परीक्षा असते म्हणतात, तिचा फॉर्म कधी निघतो आणि जातीचा दाखला कोणता लागतो, जुना चालतो का. झेरॉक्स अजून परत आलेली नाही.